प्रादाला कोल्हापूर गाठावं का लागलं?

डिसेंबर २०२५ मध्ये प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीवरून प्रेरित चपला इथल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचा करार केला. आधी हिशेब मांडू. दोन हजार जोड, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. सगळे जोड विकले गेले तर गल्ल्यात १६ लाख युरो, म्हणजे सोळा-सतरा कोटी रुपये. प्रादा समूहाची २०२४ सालची विक्री होती सुमारे ५४३ कोटी युरो. शंभर रुपयांच्या धंद्यात तीन पैसे. आता खर्चाची बाजू. उत्पादन आणि कारागिरांचं प्रशिक्षण मिळून या कामावर काही दशलक्ष युरो जातील, असं प्रादाचे लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी करार झाला तेव्हा रॉयटर्स वृत्तसंस्थेला सांगितलं. म्हणजे चपला विकून येणार त्याहून जास्त पैसा जाणार, आणि हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

मिलानचं हे घराणं १९१३ पासून चामड्याच्या धंद्यात आहे आणि त्याचे शेअर हाँगकाँगच्या बाजारात विकले जातात. ते असा आतबट्ट्याचा व्यवहार करतं, तेव्हा चपला हा खरा माल नसतो. मग कंपनी नेमकं काय विकत घेत होती? कोल्हापुरी चपलेच्या वादावर जून २०२५ मध्ये पुष्कळ शाई आणि त्याहून जास्त मोबाइल डेटा खर्च झाला. हा प्रश्न मात्र तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

जून ते डिसेंबर

२२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्रादाचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. हंगाम २०२६ चा उन्हाळा. मिउच्चा प्रादा आणि राफ सिमन्स २०२० पासून मिळून कंपनीचे कपडे ठरवतात, त्यांचंच हे काम. काही मॉडेलांच्या पायात सपाट तळाची, अंगठ्याला कडं असलेली, मधोमध वेणी उतरलेली चामडी चप्पल होती. कंपनीच्या लेखी ती 'चामड्याची सँडल'. कोल्हापूरचं नाव नाही, महाराष्ट्राचं नाही, भारताचंही नाही.

आपल्याकडे ते पायताण ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. दोन-तीन दिवसांत फोटो घरोघरच्या व्हॉट्सॲपवर फिरले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी प्रादाला पत्र लिहिलं. खासदार धनंजय महाडिक कारागिरांना घेऊन मुख्यमंत्र्यांकडे गेले. पलीकडून कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी आठवण करून दिली, की ही चप्पल अथणी, निपाणी, चिकोडी, रायबागच्या कारागिरांचीही आहे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

प्रादाचं उत्तर आठवड्याच्या आत आलं. सही लोरेन्झो बेर्तेल्ली यांची. हे मिउच्चा प्रादा आणि पात्रित्सिओ बेर्तेल्ली यांचे चिरंजीव आणि कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागाचे प्रमुख. शतकांची परंपरा असलेल्या भारतीय हस्तकलेतल्या पादत्राणांवरून आम्ही प्रेरणा घेतली आहे, हे त्यांनी मान्य केलं. नमुने प्राथमिक अवस्थेत आहेत आणि उत्पादनाचा निर्णय झालेला नाही, असंही कळवलं. जुलैच्या मध्यात कंपनीचं तांत्रिक पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेलं. त्याच सुमारास, १६ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयानं या विषयावरची जनहित याचिका फेटाळली. आणि ११ डिसेंबरला इटली-भारत व्यापार परिषदेच्या निमित्तानं मुंबईतल्या इटलीच्या वाणिज्य दूतावासात प्रादा आणि महाराष्ट्राचं लिडकॉम व कर्नाटकचं लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांत सामंजस्य करार झाला. दोन्ही राज्यांत दोन हजार जोड बनवायचे आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या प्रादाच्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन विकायचे, असं त्यात ठरलं.

न्यायालयानं याचिका फेटाळल्यावर पाच महिन्यांत कंपनीनं करार केला. कायद्याचा बडगा नसताना केला. इथेच हे प्रकरण अभ्यासाचं होतं.

कायद्याच्या हाती काय होतं

'कोल्हापुरी चप्पल' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. २००९ मध्ये अर्ज झाला, मानांकन पदरात पडायला जवळपास दहा वर्षं गेली. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. मालकी दोन सरकारी महामंडळांची: संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ म्हणजे लिडकॉम, आणि डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचं कर्नाटकचं महामंडळ म्हणजे लिडकर.

लोकांचा समज असा, की मानांकन आहे म्हणजे चप्पलच आपली झाली. तसं नसतं. मानांकन रक्षण करतं नावाचं. आठ जिल्ह्यांबाहेर बनलेला माल कुणी 'कोल्हापुरी' म्हणून विकला, किंवा ग्राहकाची तशी समजूत होईल असं काही केलं, तर तो भंग. चपलेचा घाट, वेणी, अंगठ्याचं कडं यांवर मानांकनाची मालकी चालत नाही. आपला डिझाइन कायदाही मदतीला येत नाही, कारण नोंदणीसाठी नक्षी नवी लागते आणि संरक्षण जास्तीत जास्त पंधरा वर्षांचं मिळतं. शेकडो वर्षं जुना घाट नवा म्हणून कोण नोंदवणार? कॉपीराइटला लेखक लागतो. या चपलेला तो नाही. असलाच तर आठ जिल्ह्यांतल्या कैक पिढ्या.

म्हणजे प्रादानं नाव न घेता चप्पल दाखवली, तेव्हा लोकांच्या मनातला अपराध मोठा झाला आणि कायद्यातला जवळपास नाहीसा झाला. 'सँडल' म्हटल्यामुळे कंपनी नैतिकदृष्ट्या उघडी पडली आणि मानांकनाच्या कक्षेबाहेर मात्र राहिली. गुपचूप उचलणाऱ्याला सोडायचं आणि श्रेय देऊन चुकीचं नाव लावणाऱ्याला धरायचं, अशी ही उफराटी रचना आहे.

याचिका केली होती पुण्यातले बौद्धिक संपदेचे अभ्यासक गणेश हिंगमिरे आणि काही वकिलांनी. मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्या. संदीप मारणे यांच्या खंडपीठानं विचारलं, की मानांकनाचे नोंदणीकृत मालक आहेत, त्यांचा हक्क डावलला गेला असेल तर ते स्वतः दिवाणी दावा का लावत नाहीत? प्रश्न बिनतोड होता. मालक महामंडळं कोर्टात आली नाहीत. माझ्या मते ते बरंच झालं. दावा लागला असता तर वर्षानुवर्षं तारखा पडल्या असत्या, आणि 'आम्ही कोल्हापुरी म्हटलंच नाही' हा एक मुद्दा प्रादाला पुरला असता.

शिवाय सगळं घडलं मिलानमध्ये, आणि भारतीय मानांकन तिथे आपोआप लागू होत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारातही कडक संरक्षण मिळतं ते वाइन आणि मद्यांच्या नावांना. शँपेनला जी तटबंदी आहे ती पैठणीला नाही, कोल्हापुरीलाही नाही. बाकीच्या मालाला 'ग्राहकाची दिशाभूल होत असेल तर' एवढंच कलम. भारत आणि काही देश गेली कित्येक वर्षं जिनिव्हात हा भेदभाव काढा म्हणून मागणी करत आहेत. ती तशीच पडून आहे.

आलिशान धंद्याचं हवामान

मग कंपनीला घाम कशाचा फुटला? त्यासाठी २०२५ च्या मध्यावर हा धंदा कुठे उभा होता ते पाहावं लागतं.

करोनानंतर युरोपच्या मोठ्या फॅशन घराण्यांनी किमती बेफाम वाढवल्या. माल तोच, बॅग तीच, किंमत दर वर्षी वर. त्या वाढीवर ताळेबंद फुगले आणि मधला ग्राहक गळाला. बेन या सल्लागार संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ पर्यंतच्या दोन वर्षांत या धंद्यानं सुमारे पाच कोटी ग्राहक गमावले, आणि वैयक्तिक चैनीच्या वस्तूंची जगातली विक्री २०२४ मध्ये दोन टक्क्यांनी घसरली. ज्या चीननं दोन दशकं हा धंदा ओढला तो थंडावला होता. अमेरिकेत आयात शुल्काची टांगती तलवार होती.

प्रादा समूह वरवर पाहता मजेत होता. २०२४ मध्ये विक्री १७ टक्के वाढली. पण ही वाढ मुख्यतः धाकट्या 'मिउ मिउ' या ब्रँडची, त्याची दुकानातली विक्री त्या वर्षी ९३ टक्के वाढली होती. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत मिउ मिउ ४९ टक्के वर आणि खुद्द प्रादा ब्रँड दोन टक्के खाली. वाद पेटला तो याच सहामाहीच्या शेवटच्या आठवड्यात. त्यात एप्रिलमध्ये सव्वाशे कोटी युरोंना व्हर्साची हे फॅशन घराणं विकत घ्यायचा सौदा ठरलेला. ज्या कंपनीचा मूळ ब्रँड आकसतो आहे आणि जिनं नुकतीच एवढी मोठी जबाबदारी अंगावर घेतली आहे, तिला नाव खराब करून घेणं परवडत नाही.

नाव खराब होण्याची किंमत हा धंदा चांगली ओळखून होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये डोल्चे अँड गबाना या इटालियन घराण्यानं चिनी मुलगी चॉपस्टिकनं पिझ्झा खाताना दाखवली. गदारोळ झाला आणि शांघायचा भव्य शो ऐनवेळी रद्द करावा लागला. चीनच्या ऑनलाइन दुकानांनी त्यांचा माल उतरवला. पुढच्याच महिन्यात ठेच लागली ती प्रादाला. 'प्रादामालिया' नावाच्या छोट्या बाहुल्यांपैकी काहींचे काळे चेहरे आणि मोठे लाल ओठ पाहून न्यूयॉर्कमध्ये संताप उसळला, कारण कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या अमेरिकी चित्रांशी ते जुळत होते. माल मागे घेतला, पण प्रकरण शहराच्या मानवाधिकार आयोगापुढे गेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये तडजोड झाली, त्यात अधिकाऱ्यांना वांशिक समतेचं प्रशिक्षण देण्याची अट कंपनीनं मान्य केली. कोल्हापूरच्या पत्राला आठवड्यात आलेलं उत्तर त्या अनुभवाचं फळ आहे असं मला वाटतं. आधी ठोकर खाल्लेला माणूस उंबरठा पाहून पाय टाकतो.

तिसरं दडपण घरचंच, मिलानच्या न्यायालयाचं. २०२४ मध्ये अर्मानीच्या आणि दिओरच्या उत्पादन कंपन्यांवर न्यायालयानं प्रशासक नेमला. पोटकंत्राटदारांच्या कारखान्यांत कामगारांचं शोषण होत असताना कंपनीनं लक्ष ठेवलं नाही, असा ठपका होता. दिओरच्या प्रकरणातले आकडे जगभर छापून आले: कंत्राटदाराला एका बॅगेचे ५३ युरो, दुकानात तीच बॅग २,६०० युरोंना. (चामडं वगैरे कच्च्या मालाचा खर्च या ५३ मध्ये नव्हता हे खरं, पण एवढं वाचायला कोण थांबतं?) जुलै २०२५ मध्ये लोरो पियाना या घराण्यावरही तीच पाळी आली. 'इटलीत बनलेलं' या शिक्क्यावर ज्यांची सगळी किंमत उभी, त्यांच्या शिक्क्याखाली कुणाचे हात आहेत हा प्रश्न आता न्यायाधीश विचारू लागले होते. अशा वेळी दुसऱ्या देशातल्या गरीब कारागिराची कला बिननावानं उचलल्याचा आरोप हा आगीत पडलेलं तेल ठरू शकतो.

आणि चौथं म्हणजे भारत. डेलॉइटच्या अंदाजानुसार भारतातला चैनीच्या वस्तूंचा बाजार २०२४ मध्ये सुमारे सात अब्ज डॉलरचा होता आणि २०३० पर्यंत तीस अब्जांवर जाईल. अशा अंदाजांकडे मी चिमूटभर मीठ हाती घेऊनच पाहतो, पण दिशा बरोबर आहे. प्रादाचं कपड्यांचं एकही दुकान भारतात नाही. दिल्लीत सौंदर्यप्रसाधनांचं दुकान २०२५ मध्ये उघडलं. भारत ही 'खरी संभाव्य नवी बाजारपेठ' आहे, पण दुकानं काढायला तीन ते पाच वर्षं लागू शकतात आणि रिलायन्स किंवा आदित्य बिर्ला समूहासारखा भागीदार न घेता स्वतः यायला आवडेल, असं बेर्तेल्ली करारानंतर म्हणाले.

या शेवटच्या वाक्यात बरंच दडलं आहे. एकाच ब्रँडचं दुकान परदेशी कंपनीनं ५१ टक्क्यांहून जास्त मालकीनं भारतात काढलं, तर खरेदीच्या किमतीचा ३० टक्के माल भारतातून घ्यावा लागतो. २०१९ पासून निर्यातीसाठी केलेली खरेदीही त्यात धरतात. आज कोल्हापूर आणि अथणीत कारागिरांशी, कातड्याच्या व्यापाऱ्यांशी, महामंडळांशी जो संबंध जुळेल तो उद्याच्या दुकानाच्या कामी येईल. हा माझा तर्क आहे, कंपनीनं तसं म्हटलेलं नाही. पण स्वस्त मजुरीसाठी ती आलेली नाही, एवढं तर उघड आहे. करार झाला त्या डिसेंबरात अमेरिका भारतीय मालावर ५० टक्के जादा शुल्क लावत होती, आणि युरोपच्या बहुतेक मालावर १५ टक्के. पैसे वाचवायला कुणी त्या वेळी भारतात चप्पल बनवायला घेतली नसती.

एक गोष्ट राहून जायला नको. परंपरेला श्रेय देऊन माल विकायची रीत प्रादाला नवी नव्हती. २०१० मध्ये कंपनीनं स्कॉटलंडचे किल्ट, पेरूची अल्पाका लोकर, जपानची डेनिम आणि भारतातलं चिकनकाम अशा चार गोष्टी त्या त्या देशाचं नाव लेबलवर छापून विकल्या होत्या. 'प्रादा, मेड इन इंडिया' हे लेबल तेव्हाच शिवून झालं होतं. मुंबईतही उदाहरण समोर होतं: मार्च २०२३ मध्ये दिओरनं गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तेव्हा भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या चाणक्य या संस्थेचं नाव मानानं घेतलं, आणि तिच्या कारागिरांनी केलेलं प्रचंड तोरण गेटवेपुढे झळकलं. (त्याच दिओरनं जून २०२५ च्या अखेरीस पॅरिसमध्ये लखनौच्या मुकेशकामाचा, म्हणजे धातूच्या तारेच्या भरतकामाचा, कोट नाव न घेता दाखवला. त्यावरही टीका झाली. श्रेय देणं हा या घराण्यांचा स्वभाव नाही, तो त्या त्या वेळचा निर्णय असतो.) तेव्हा जूनमध्ये प्रादाला रीत माहीत नव्हती असं म्हणता येणार नाही. गरज वाटली नव्हती.

चपलेच्या बाजूनं

कोल्हापूरच्या बाजूचं हवामान मिलानपेक्षा खडतर आहे, आणि त्यातलं बरंचसं आपणच तयार केलेलं आहे.

जोडी हातात घेऊन पाहावी. कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं असतं, त्याला आठवडे जातात. चपलेचा तो पिवळसर तांबूस रंग त्या सालीचा. तळाला चामड्याचे थर एकावर एक, आणि जुन्या पद्धतीच्या जोडात खिळा नावाला नाही. आरीनं भोक पाडायचं, त्यातून चामड्याचीच वादी ओढून टाका घालायचा. वरच्या पट्ट्यावर वेणी, ती बहुतेक घरातल्या बायका विणतात. बाजूला पातळ कान. कुणाला करकर हवी असेल तर तळाच्या थरांत बी घालतात. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते. तेल देऊन, घालून घालून ती पायाची होते, आणि पावसाळ्यात तिला माळ्यावर ठेवायची असते.

आता हीच जोडी ८०० युरो देणाऱ्या ग्राहकाच्या पायात घाला. तो चावून घेणार नाही, पावसाचं कारण ऐकणार नाही, डाव्या-उजव्या तळात सुताचा फरक दिसला तर परत करेल. मूळ कारागिरी आणि आमचं तंत्र यांचा मेळ घालू, असं कंपनी म्हणते त्यामागे हे आहे. एका बाबतीत मात्र जुनी पद्धत युरोपच्या नियमांना आधीच उतरते. त्वचेला लागणाऱ्या चामड्यात सहा-संयुजी क्रोमियम हे अपायकारक द्रव्य किलोमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली असावं, असं युरोपीय संघाचं बंधन २०१५ पासून आहे. क्रोमनं कमावलेल्या चामड्याला त्याची सतत भीती असते. साल-हिरड्याच्या कातड्यात क्रोम येतंच कुठून?

पण ते कातडं आहे कुठे? कमावणारा ढोर समाज आणि शिवणारा चर्मकार समाज, दोघांच्या कामाला शाहू महाराजांच्या काळात राजाश्रय मिळाला. आज कोल्हापुरात कमावणारे मोजके उरले आहेत आणि कातडं चेन्नई-कोलकात्याकडून येतं. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आणली, तेव्हापासून बैलाचं कातडं दुर्मीळ झालं आणि म्हशीच्या कातड्यावर भार आला. कातड्याची गाडी रस्त्यात अडवली जाईल ही धास्ती वेगळी. ज्या सरकारचं महामंडळ या चपलेच्या नावाचं मालक, त्याच सरकारच्या कायद्यानं तिचा कच्चा माल महागवला, हे प्रादावर तुटून पडलेल्या पुढाऱ्यांपैकी कुणी बोललं नाही.

दुसरी गळती नकलेची. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर, गाड्यांवर, ऑनलाइन दुकानांत 'कोल्हापुरी' म्हणून जे ढीगभर विकलं जातं त्यात रेक्झिन आणि यंत्राचा तळ किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. इथे नाव उघड वापरलेलं असतं, म्हणजे मानांकनाचा भंग सरळसरळ असतो. कारागिराच्या पोटावर रोजचा पाय या मालाचा आहे. लिडकॉमनं जुलै २०२५ मध्ये खऱ्या जोडावर क्यूआर कोड लावायची योजना पुढे आणली. स्कॅन केलं की कारागिराचं नाव, गाव, वापरलेलं साहित्य दिसावं. कल्पना चांगली आहे. पण मिलानच्या रॅम्पसाठी जेवढा आवाज उठला त्याच्या दशांशानं तरी तो दादरच्या फुटपाथसाठी उठायला हवा होता.

आणि जात. या धंद्यातली पुढची पिढी बाहेर पडते तेव्हा केवळ कमाईचा हिशेब नसतो. चामड्याला हात लावणाऱ्याकडे पाहण्याची समाजाची नजर असते. बाराव्या शतकातल्या हरळय्याची कथा कर्नाटकात अजून सांगतात: त्यानं बसवेश्वरांसाठी स्वतःच्या आणि पत्नीच्या मांडीचं कातडं काढून पादत्राण केलं. तेव्हापासून चप्पल करणारा वंदनीय ठरला तो कथेत. व्यवहारात नाही. चप्पल 'आपला अभिमान' झाली ती मिलानला दिसल्यावर. त्या आठवड्यात समाजमाध्यमांवर अभिमान बाळगणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी चर्मकार पाहुणा म्हणून येतो, हा प्रश्न कडू आहे पण विषयाबाहेरचा नाही.

सौदा

या पार्श्वभूमीवर दोन्ही पक्षांच्या हातातली पानं पाहू. कारागिरांकडे घाटाची मालकी नव्हती, कोर्टाचा आदेश नव्हता, पैसा तर नव्हताच. एकच पान होतं, नाव. जूनमध्ये त्या पानाला किंमत नव्हती, कारण प्रादाला नावाशिवाय चप्पल विकता येणार होती. बेर्तेल्लींनी प्रेरणा मान्य केली आणि चित्र पालटलं. आता बिननावाची सँडल दुकानात ठेवणं म्हणजे वाद पुन्हा पेटवणं. एक तर नमुना कपाटात बंद करायचा, नाही तर कोल्हापुरीचं नाव घेऊन विकायचा. नाव घ्यायचं तर ते लिडकॉम आणि लिडकर यांच्याकडेच मागावं लागतं. संग्रहाचं नाव अखेर ठरलं ते असं: 'प्रादा मेड इन इंडिया, कोल्हापुरी चपलांवरून प्रेरित'.

इतके दिवस मी हा समाजमाध्यमांचा विजय समजायला तयार नव्हतो, आजही पूर्णपणे नाही. गदारोळ दिओरच्या कोटावरही झाला, तिथे करार झाला नाही. फरक असा, की कोल्हापुरीच्या बाबतीत बोलायला कुणीतरी समोर होतं. पत्र लिहिणारं चेंबर होतं, नावाची कागदोपत्री मालक असलेली दोन महामंडळं होती. सही कुणाची घ्यायची हे मिलानच्या वकिलांना कळत होतं. लखनौच्या मुकेशकामासाठी अशी तयार, मोठ्यानं बोलणारी जागा नव्हती. मानांकनानं प्रादाला अडवलं नाही, पण वाटाघाटीला पत्ता दिला.

करारातून मिळणार ते असं: तीन वर्षांची भागीदारी, आठही जिल्ह्यांतल्या कारागिरांसाठी प्रादाच्या खर्चानं प्रशिक्षण, आणि काहींना इटलीतल्या प्रादाच्या अकादमीत थोडे दिवस शिकायची संधी. मोबदला योग्य दिला जाईल असं कंपनीनं जाहीर केलं आहे. कोल्हापूरच्या चप्पल लाइन या बाजारात जी जोडी हजार-पंधराशेपासून मिळते तिची बहीण चौऱ्यांशी हजारांच्या आसपास विकायची ठरली, तेव्हा 'योग्य' म्हणजे किती हे जोडामागे ठरलेल्या मजुरीत दिसायला हवं. दिओरच्या ५३ युरोंनंतर हा प्रश्न इटलीतही कुणाला आगाऊ वाटणार नाही. दोन हजार जोडांनी आठ जिल्ह्यांची चूल पेटत नाही. प्रशिक्षण मोलाचं आहे, कारण मापात, अचूक, परत न येणारा माल करता येणारा कारागीर प्रादाखेरीज इतरांसाठीही काम करू शकतो.

तीन वर्षांनंतरची सोय करारात शोधू नये, ती दुसरीकडे आहे. करारावर सह्या झाल्या त्याच्या दहा दिवस आधी, १ डिसेंबर २०२५ पासून, युरोपीय संघात हस्तकला आणि औद्योगिक मालाच्या भौगोलिक मानांकनाचा नवा कायदा लागू झाला. तोवर तिथे संघभर असं संरक्षण शेतमालाला आणि खाण्यापिण्याच्या वस्तूंनाच होतं. आता मुरानोची काच, लिमोजची चिनी मातीची भांडी अशा गोष्टींनाही मिळणार. युरोपबाहेरचे उत्पादकही त्यासाठी अर्ज करू शकतात, अट एवढीच की नाव मायदेशात आधी संरक्षित हवं. कोल्हापुरीचं आहे. हा अर्ज मंजूर झाला तर मिलानमध्येच 'कोल्हापुरी' या नावाला युरोपीय कायद्याचं कवच मिळेल, आणि पुढच्या वेळी पत्राऐवजी नोटीस धाडता येईल.

अर्जाला मालाचं बारकाईनं लिहिलेलं वर्णनपत्र लागतं. कातडं कशानं कमावलेलं, बैलाचं की म्हशीचं, तळ किती थरांचा, टाका वादीचाच की दोराही चालेल, यंत्र कुठवर शिरू द्यायचं. हे कागदावर उतरवायला लिडकॉम आणि लिडकर, कोल्हापूर आणि अथणी, हातानं शिवणारे आणि यंत्राचा तळ लावून 'कोल्हापुरी' विकणारे आपलेच व्यापारी यांना एका टेबलाशी बसवावं लागेल. तिथे प्रादाशी झाली त्याहून कठीण वाटाघाट होईल.